कॅसेटवरचं नाव

चुडाव्याला आमचं घर स्टेशनाच्या इतकं जवळ होतं, की मालगाडी आली की खुंट्यांना टांगलेली पितळी वाद्यं भिंतीवर बारीक आवाज करत थरथरायची. दोन ट्रंपेट, एक मोठ्या भोंग्याचा बाजा, आणि खाली जात्याशेजारी उभा करून ठेवलेला बडा ढोल. लहानपणी मला वाटायचं, गाडी गेली की सगळ्यांच्याच घरात असा आवाज होत असेल. माझे वडील, म्हणजे आमचे दादा, बँडमास्तर होते. कोंडिबा मास्तर म्हटलं की पूर्णेपासून ताडकळसपर्यंत कुणीही आमच्या घराची वाट दाखवायचं. लग्नसराईत दारासमोरच्या तारेवर दहा-बारा लाल कोट वाळत असायचे. माय कितीही सोडा घालून धुवो, त्यांचा घामाचा वास जायचा नाही. आठवड्यातून एकदा चिंचेचा कोळ आणि राख घेऊन माय आणि मी वाद्यं घासायला बसायचो. बोटं हिरवी व्हायची. मग माय लिंबू चोळून हात धुवायची आणि भाकरी थापायला बसायची, तरी दादा पहिल्या घासाला म्हणायचेच, की आज भाकर पितळाची लागायली.

लग्नात बँडवाल्यांना सगळ्यात शेवटी वाढायचे. तोवर वरण पाणी झालेलं असायचं आणि बुंदीचा नुसता चुरा उरलेला असायचा. त्यामुळे पार्टी, म्हणजे दादांची बँडची मंडळी, परत आली की सगळे आधी आमच्याकडे यायचे, ओट्यावर कोट काढून बसायचे आणि माय येसरची आमटी आणि भाकरी करायची. चूल पेटली की कुणी काही बोलायचं नाही. तासन्‌तास फुंकून गाल दुखत असायचे. आमटीत कुस्करलेली भाकर ते हळूहळू, चावायचा त्रास नको म्हणून मऊ करून खायचे. मी आता साठीच्या पुढे गेले, माझेही दात गेले, आणि हल्ली भाकर कुस्करताना मला ते बारा लोक आठवतात. तेव्हा ते सगळे माझ्या धाकट्या मुलापेक्षा लहान होते, हे लक्षात आलं की जीव थकल्यासारखा होतो.

दादा चौथीपर्यंत शिकले होते, पण नोटेशन त्यांना लिहिता-वाचता यायचं. त्यांचे उस्ताद हैदराबादच्या फौजेच्या बँडात होते, फौज मोडल्यावर पूर्णेला येऊन राहिले. त्यांच्याकडे दादांनी नऊ वर्षं काढली. पाच रेघांची वही कशी आखायची, कुठल्या वाद्यानं कधी थांबायचं, हे सगळं तिथं शिकले. या विद्येचा त्यांना अभिमान होता, पण त्याहून जास्त अभिमान माझ्या वाचण्याचा होता. विहाराभोवतीच्या आमच्या आळीत मॅट्रिकपर्यंत पोचलेली मी पहिली मुलगी. “माझी लेक वाचती,” हे वाक्य दादा इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगायचे की मला लाज वाटायची. आळीतली सगळी पत्रं माझ्याकडे यायची. कुणाच्या जावयाची खुशाली, कुणाच्या दवाखान्याची चिठ्ठी, कुणाची कोर्टाची तारीख. मी जे वाचेन ते खरं, असा लोकांचा भरोसा होता. त्या वयात मला त्या भरोशाचं वजन कळत नव्हतं. मला फक्त आवडायचं, की मोठी माणसं माझ्यासमोर कागद धरून गप्प उभी राहतात.

असाच कागद धरून उभा राहणारा एक माणूस म्हणजे गफूरचाचा. दादांच्या पार्टीत क्लारनेट वाजवायचे. उंच, वाळलेले, आणि एका गालात कायम क्लारनेटच्या तोंडाला लावायची काडी ओली करायला ठेवलेली, त्यामुळे त्यांचं बोलणं नेहमी अर्धं ऐकू यायचं. राहायला ताडकळसला. बायको वारलेली, एकच लहान लेक, ती बहिणीकडे वाढत होती. ते आमच्याकडे आले की चहा बशीत ओतून, काडी हातात काढून घेऊन प्यायचे आणि परत गालात ठेवायचे. त्यांना अक्षरओळख नव्हती आणि नोटेशनही येत नव्हतं. दादांनी एखादी चाल एकदा तोंडानं म्हणून दाखवली की ती चाचांच्या बोटांत गेली. हैदराबादेतल्या त्यांच्या मेव्हण्याची पत्रं मीच वाचून दाखवायची आणि उत्तरंही मीच लिहायची. सांगताना ते डोळे मिटून सांगत. पत्र संपलं की म्हणत, “सगळं लिवलीस ना बाई? माझ्या शब्दात लिवलीस ना?” मी हो म्हणायचे. खरं तर मी त्यांची वाक्यं नीटनेटकी करून लिहायचे. त्यांना ते कधी कळलं नाही.

ज्या चालीसाठी आजही लोक माझं दार वाजवतात ती आमच्या ओट्यावर जन्मली. लग्नं नसायची त्या दिवसांत. पार्टीतले बाकीचे लोक कापूस वेचायला, कुणी पूर्णेला हमाली करायला गेलेले. चाचा मात्र दोन-तीन दिवसांनी यायचे, कारण त्यांच्याकडे दुसरं काही काम नव्हतं आणि घरात कुणी नव्हतं. मी दाराच्या उंबऱ्यात बसून इतिहास पाठ करत असायची आणि ते ओट्याच्या कडेला बसून तेच तेच चार सूर वाजवत असायचे. वर जायचे, मग खाली येताना एका जागी अडखळायचे, जसं कुणी निघता निघता मागे वळून बघतंय. पहिल्या दिवशी मला त्या आवाजाचा राग आला. चौथ्या दिवशी भांडी घासताना मीच ते गुणगुणत होते. मायनं विचारलं, कुठलं गाणं हे. मी म्हटलं, गाणं नाही, चाचांचं काहीतरी चाललंय. पुढच्या आठवड्यात ते चार सूर लांब झाले. एका दुपारी चाचांनी ते सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाजवलं आणि काडी काढून म्हणाले की माझ्या लेकीला लग्नात वाटे लावायच्या टायमाला हे वाजवीन. ती लेक तेव्हा सात वर्षांची होती.

दादा आत आडवे पडले होते. उठून बाहेर आले, परत वाजवायला सांगितलं, मग आणखी एकदा. नंतर वही घेऊन बसले आणि दोन दिवस त्या चालीवर काम करत राहिले. ट्रंपेटनं कुठून यायचं, मोठ्या बाज्यानं खालून काय धरायचं, हे सगळं त्यांनी लिहिलं. आणि मधोमध त्यांनी एक जागा रिकामी ठेवली. म्हणाले, “पोरगी बापाच्या गळ्यात पडती तवा ढोल बंद पायजे गफूर. समदे बंद. तिथं नुसतं तुझं क्लारनेट.” चाचांनी मान हलवली. पहिल्यांदा पार्टीनं ती चाल चुडाव्यातच एका लग्नात वाजवली. त्या रिकाम्या जागेवर ढोल थांबला आणि नवरीचा बाप, जो तोवर माणसांना गाड्या दाखवत फिरत होता, तो जागच्या जागी खाली बसला. त्यानंतर त्या चालीशिवाय आमच्या भागात पाठवणी झाली नाही. दुसऱ्या बँडवाल्यांनी ती उचलली. लोक तिला चुडाव्याची चाल म्हणायला लागले.

परवा एक मुलगा परभणीत माझ्याकडे आला होता. जुन्या वाद्यांवर काहीतरी करतो, मोबाइल स्टँडवर लावून माणसांना बोलतं करतो. चांगला होता, पाया पडला. म्हणाला, आजी, ती चाल तुमच्या वडिलांनीच बनवली ना, तेवढं दोन मिनिटांत सांगा. असे पाच-सहा जण येऊन गेले. कुणाला दादांचं नाव हवं असतं, कुणाला चाचांचं, आणि जे हवं ते ऐकायच्या तयारीनंच सगळे येतात. मला दोन मिनिटांत सांगता येत नाही. सूर चाचांचे होते. पण ती रिकामी जागा दादांची होती, आणि लोक रडायचे ते त्या जागेवर. मी इतकी वर्षं हे मनात तोलून तोलून दमले. त्या मुलाला म्हटलं, माझा गुडघा दुखतोय, तू जा, मी लिहून ठेवते. म्हणून हे प्रकरण लिहायला बसले, नाहीतर याच्यावर गप्पच राहणार होते.

ताडकळसच्या एका लग्नात नांदेडचा एक कॅसेटवाला शेठ पाहुणा म्हणून आला होता. त्यानं चाल ऐकली आणि दुसऱ्या आठवड्यात मोटारसायकलवर आमच्या घरी आला. लग्नाच्या चालींची एक कॅसेट काढू म्हणाला. पार्टीला नांदेडला नेलं, एका बंद खोलीत भिंतींना गाद्या लावून सगळं वाजवून घेतलं. परत आल्यावर बडा ढोलवाला मारुती सांगत होता, की त्या खोलीत इतकी शांतता होती की आपल्याच श्वासाची भीती वाटायली. शेठनं दादांना सांगितलं होतं, की पुठ्ठ्यावर छापायला नावं लागतील, एका कागदावर लिहून पाठवा. दादांनी मला हाक मारली. माझं अक्षर चांगलं होतं.

मी उंबऱ्यात बसले, दादा समोर पाय पसरून. पार्टीचं गाव लिहिलं. मास्तरचं नाव लिहिलं. मग दादा म्हणाले, लिही, चाल व संगीत, कोंडिबा मास्तर. मी ‘चाल व’ इथपर्यंत लिहिलं आणि थांबले. मी फक्त पेन उचललं. दादांना कळलं. आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत ते शांतपणे म्हणाले, “उस्तादच्या पार्टीत मी तीन चाली बसवल्या सुमन. तीनी बी उस्तादच्या नावानं वाजल्या. मी कदी तोंड उघडलं न्हाई. चाल पार्टीची असती अन् पार्टी मास्तरची.” ते रागावले नव्हते. खरोखर तसंच असतं असं त्यांना वाटत होतं, आणि त्यातलं दुःखही कधीचं मुरून गेलं होतं. मी पुढे लिहिलं. खाली विचारलं, बाकीच्यांची नावं? दादा म्हणाले, जागा कितीक असती त्या पुठ्ठ्यावर, लिही, आणि पार्टी. मी लिहिलं, आणि पार्टी. मग कागदाची घडी घालून लिफाफ्यात घातली आणि थुंकी लावून चिकटवली.

कॅसेट निघाली आणि सगळीकडे वाजायला लागली. स्टेशनवरच्या चहाच्या गाड्यावर, ताडकळसच्या बाजारात, जीपमध्ये. आमच्या घरी कॅसेट वाजवायचं यंत्र नव्हतं, पण वारा पलीकडून आला की स्टेशनवरून आमचीच चाल आम्हाला ऐकू यायची. दादा तेव्हा हातातलं काम थांबवायचे. माझं मन मात्र कुठंच लागत नव्हतं. चाचा तसेच येत होते, काडी गालात ठेवून. त्यांना काही माहीत नव्हतं, आणि मी मनात म्हणत होते की त्यांना वाचता येत नाही तर कळणारही नाही.

मग एका दुपारी ते आले. दादा जेवायला बसले होते, माय अंबाडीची भाजी वाढत होती. चाचांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून कॅसेट काढली. ताडकळसच्या बाजारात विकत घेतली होती. त्यांच्याकडेही यंत्र नव्हतं, नुसती हातात धरायला घेतली होती. वर डोलीचं चित्र होतं. ती त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. म्हणाले की लोक म्हणतात, यावर ज्याची चाल त्याचं नाव छापतात. “वाच बाई. बाजारात कुणालाबी इचारलं असतं, पन म्हनलं आपल्या मानसाकडनं वाचून घ्यावं.”

मी कॅसेट हातात घेतली. माझेच शब्द छापून आले होते, त्याच क्रमानं. दादांचा घास ताटातच थांबला होता. त्यांनी वर बघितलं नाही. चाचा माझ्या तोंडाकडे बघत होते, गालातली काडी त्यांनी हातात काढून घेतली होती, म्हणजे नीट ऐकायचं होतं. आणि मी वाचलं, “संगीत, कोंडिबा मास्तर. चाल, गफूरभाई ताडकळसकर.” ‘ताडकळसकर’ मी का जोडलं, मला आजही माहीत नाही. खोटं पूर्ण वाटावं म्हणून असेल. चाचांनी ते शब्द हलक्या आवाजात स्वतःशी म्हणून बघितले. मग दादांकडे वळून म्हणाले, “मास्तर, तुमी माझी इज्जत केलीत.” दादांनी मान हलवली, हो म्हणून नाही आणि नाही म्हणूनही नाही. चाचा गेल्यावर दादा ताटावरून उठले आणि हात न धुता रुळांकडे निघून गेले. मायनं मला विचारलं, “खरंच तसं लिवलंय का गं?” मी म्हटलं, हो.

पुढचं मी बघितलं नाही. मारुती त्या दिवशी बाजाराला गेला होता, त्यानं ते नंतर आम्हाला सांगितलं. ताडकळसच्या बाजाराच्या दिवशी चाचांनी चहाच्या हॉटेलात ओळखीच्या सगळ्यांना पेढे वाटले. दुसऱ्या एका पार्टीचे चार लोक तिथं बसले होते, त्यांच्यापुढे कॅसेट ठेवली. त्यातला एक जण, त्याला थोडं वाचता येत होतं, हसायला लागला. म्हणाला, तुझं नाव कुठाय यात? चाचा म्हणाले, नीट बघ. त्यानं परत वाचून दाखवलं. चाचा कॅसेट घेऊन समोरच्या शिंप्याकडे गेले. शिंप्यानं चष्मा लावून वाचलं, तेच. तोवर मागे माणसं जमली होती. चाचा म्हणायला लागले की तुमाला वाचायला येत न्हाई, मास्तरच्या लेकीनं वाचलंय, ती मॅट्रिकला हाय. शिंप्याच्या दुकानात शाळेचे एक गुरुजी कपडे शिवायला द्यायला आले होते. त्यांनी कॅसेट घेतली, वाचली, आणि हळू आवाजात तेच नाव सांगून चाचांच्या हातात परत दिली. मारुती म्हणाला, की तेव्हा लोक हसायचे थांबले, आणि ते जास्त वाईट होतं.

तिसऱ्या दिवशी चाचा आमच्याकडे आले. मी एकटीच ओट्यावर तूर निवडत होते. दादा आत होते, त्यांना आवाज कळला असणार, पण ते बाहेर आले नाहीत. चाचा बसले नाहीत. गालात काडी नव्हती. त्यामुळे त्यांचा आवाज मला अनोळखी वाटला, स्वच्छ. म्हणाले, “तिघांनी वाचलं. तिघं बी एकच बोलले. मग मी म्हनलं, पोरगी घाईत वाचली असंल. चुकली असंल. चुकली का बाई?”

त्यांनी मला वाट करून दिली होती. मी नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण माझ्यात आणखी एक खोटं बोलायची ताकद नव्हती. मी मान हलवून नाही म्हटलं.  चाचा म्हणाले की मास्तरनं नाव लावलं ते मला समजतंय, मास्तर लोकांचं असंच असतंय, त्याच्यावर मी रागवीन, भांडीन. “तू कामून केलीस?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

“वाईट तर वाटायचंच होतं,” चाचा म्हणाले. “घरात वाटलं असतं. तू बाजारात वाटायला लावलंस.”

त्यांच्या काखेत पार्टीचा लाल कोट होता, धुऊन घडी घातलेला. तो त्यांनी ओट्यावर ठेवला. आतून दादांचा आवाज आला, “गफूर, पुडच्या कॅसेटला बघू आपन.” चाचांनी आत बघितलं नाही. माय पाणी घेऊन बाहेर आली तोवर ते स्टेशनच्या वाटेला लागले होते. तूर सुपात तशीच राहिली. मी ती संध्याकाळपर्यंत निवडत होते, म्हणजे चांगले दाणे एका बाजूचे दुसऱ्या बाजूला करत होते.

चाचा परत आले नाहीत. कुणी म्हणायचं जालन्याच्या पार्टीत आहेत, कुणी म्हणायचं हैदराबादला मेव्हण्याकडे गेले. त्यांच्या जागी दादांनी दुसरा क्लारनेटवाला घेतला. तो चांगला होता, पण रिकाम्या जागेवर आला की घाई करायचा. दादा त्याला काही सांगायचे नाहीत. घरातही दादा माझ्याशी बोलायचे, पण “माझी लेक वाचती” हे त्यांनी त्यानंतर कधी कुणाला सांगितल्याचं मला आठवत नाही. त्यांचा राग माझ्यावर होता की स्वतःवर, हे मी विचारलं नाही.

मी माझ्या परीनं एक गोष्ट केली, आणि ती केली नसती तर बरं झालं असतं. दादांना न सांगता मी नांदेडच्या शेठला पत्र लिहिलं. लिहिलं की कॅसेटवरची पाठवणीची चाल गफूरभाईंची आहे, कोंडिबा मास्तरांनी ती बसवली आहे, पुढच्या वेळी दोन्ही नावं छापा, नाहीतर हा अन्याय होईल. सतरा वर्षांची होते, ‘अन्याय’ शब्द नुकताच सापडला होता. उत्तर आलं नाही. आठ-दहा महिने गेले. मग एके दिवशी दादा पूर्णेहून आले आणि नवीन छपाईची कॅसेट त्यांनी माझ्यापुढे ठेवली. चित्र तेच होतं. चौथी शिकलेल्या माणसाला एक शब्द वाचायला जड नव्हता, तरी म्हणाले, “वाच.”

मी वाचलं, “पारंपरिक.”

“म्हंजे काय?”

मी सांगितलं, म्हणजे पहिल्यापासून चालत आलेलं. कुणा एकाचं नसलेलं. दादांनी कॅसेट हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली. “कुनाचंच न्हाई?” त्यांनी एवढंच विचारलं. शेठला भांडण नको होतं. दोन नावांचा वाद दिसल्यावर त्यानं दोन्ही पुसली, हे मला त्याच क्षणी कळलं. मी दादांना पत्राचं सांगितलं नाही. त्यानंतर ते बारा वर्षं जगले, मी तेव्हाही सांगितलं नाही. ते शेवटपर्यंत समजत राहिले की छापणाऱ्यानं चूक केली. कधी कधी म्हणायचे, नांदेडला जाऊन एकदा सांगायला पायजे त्याला. जायचे नाहीत.

आता तर ती चाल कुठेही ऐकू येते. मागे एका सिनेमात आली, नट-नट्या तिच्यावर नाचले, आणि खाली बारीक अक्षरात तोच शब्द होता. आमच्या कॉलनीत लग्न असलं की डीजेवाले ती लावतात. खिडकीच्या काचा हलतात. मधली रिकामी जागा त्यांनी काढून टाकली आहे. तिथंही ठोका भरलाय, म्हणजे नाचणाऱ्यांना थांबायला लागू नये. माझी नात म्हणते, आजी, तुला आवडत नाही का हे गाणं. मी म्हणते, डोकं दुखतं.

चाचा मला नंतर एकदाच भेटले. मी झरीच्या शाळेत शिक्षिका होते, परभणीहून रोज एसटीनं जायची-यायची. माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिच्या दप्तरात एकदा क्लारनेटची तुटकी काडी सापडली. विचारलं तर म्हणाली, नानाची आहे. नाना म्हणजे आईचे वडील. मी शाळा सुटल्यावर तिच्याबरोबर घरी गेले. चाचा पडवीत बाजेवर बसले होते. समोरचे दात गेलेले, म्हणजे वाजवणं बंद झालेलं. त्यांनी मला लगेच ओळखलं नाही. मी दादांचं नाव सांगितलं तेव्हा म्हणाले, बस. त्यांच्या लेकीनं चहा केला. तिच्या लग्नात ती चाल वाजली होती का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं आणि मी ते गिळलं.

मी त्यांना सगळं सांगितलं. कागद मी लिहिला होता हे सांगितलं, ‘आणि पार्टी’ सांगितलं, आणि ते पत्रही सांगितलं. ते पत्र मी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते. चाचा ऐकत होते, मधेच बशी हलवत होते. पत्राचं ऐकून ते थांबले. म्हणाले, “म्हंजे मास्तरचं बी नाव गेलं?” मी हो म्हटलं. “त्याला लय लागलं असंल,” ते म्हणाले. मी माफी मागितली. त्यांनी बशी खाली ठेवली. चहा थंड होत होता आणि बाहेर कुणीतरी शेळीला हाका मारत होतं. मग त्यांनी सांगितलं की गावात म्हाताऱ्या माणसांसाठी वर्ग निघाला होता, तिथं ते जायचे. तो बंद पडला, पुढचं नातीच्या पुस्तकातून शिकले. “आता कुनाकडनं वाचून घेत न्हाई मी,” असं साध्या आवाजात म्हणाले. त्यात टोमणा नव्हता.

माझी एसटीची वेळ झाली होती. नको म्हणत असताना ते काठी घेऊन माझ्याबरोबर स्टँडपर्यंत आले. वाटेत दादा कसे गेले ते विचारलं, मायचं विचारलं. बस वळणावरून आली तशी मी सवयीनं पुढे झाले आणि म्हटलं, येते चाचा, ही परभणीचीच आहे. त्यांनी माझा हात धरला. जोरात नाही, पण मी थांबले. माणसं चढत होती, कंडक्टर आत चला म्हणत होता. चाचांनी मान वर करून, डोळे बारीक करून बसच्या कपाळावरची पाटी बघितली. त्यांचे ओठ हलत होते. एक एक अक्षर ते जुळवत होते, र पाशी थोडे अडले, मागे गेले, पुन्हा आले. मी गप्प उभी राहिले. शेवटचं अक्षर झाल्यावर त्यांनी माझा हात सोडला आणि म्हणाले, “परभणी. जा.”